एकट्याला मागे वळवता येईल अशीच गाडी घ्या

नाशिकच्याच एका तरुणाने विचारलं आहे. उंची पाच फूट पाच इंच, वजन 62 किलो. घर पाथर्डी फाट्याला, नोकरी सातपूरच्या कारखान्यात, म्हणजे रोजचं जाणं-येणं वीस-बावीस किलोमीटर. रविवारी त्र्यंबक, वैतरणा, हरिहरच्या बाजूला कच्च्या रस्त्यांनी फिरायचं आहे. महिन्या-दोन महिन्यांतून बायकोला मागे बसवून वणीला किंवा तिच्या माहेरी शहापूरला. बजेट दोन-सव्वादोन लाख. मित्र म्हणतात, 400 सीसीच्या वरचीच घे, जुनी बघ पण मोठी घे, म्हणजे पुन्हा बदलावी लागणार नाही. काय करू?

सातपूरला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. त्यातली पंधरा-सोळा वर्षं मी स्वतः रविवारी मातीत गाडी घालतो, आणि सोमवारी इतरांच्या आपटलेल्या गाड्या उभ्या करतो. म्हणून सांगतो, तुमचा प्रश्न सीसीचा नाही. तो वजनाचा आहे. अजून नेमकं सांगायचं तर, रस्ता संपला आणि पुढे जाता येत नाही अशा जागी ही गाडी तुम्ही एकटे मागे वळवू शकाल का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. गाडी घेताना आपण ती कुठवर पोचेल एवढंच बघतो. परत कशी येईल हे कोणी बघत नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, वैतरणा धरणाच्या मागच्या अंगाला एका पाड्याकडे जाणारा रस्ता. माझ्याकडे तेव्हा जवळपास दोनशे किलोची गाडी होती, मागे सामानाची पेटी. रस्ता आधी मुरमाचा, मग नुसत्या चाकोऱ्यांचा, आणि एका वळणानंतर थेट भाताच्या खाचरात उतरलेला. मी उतारावर उभा. पुढे चिखल, डाव्या हाताला बांध, उजवीकडे तीन-चार फुटांचा खड्डा. गाडी मागे ओढायला गेलो तर मागचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली आणि हँडल उताराच्या बाजूला गेलं. चाकं वर आणि टाकी खाली. तीनदा उचलायचा प्रयत्न केला, चौथ्यांदा पाठीत उसण भरली. आवणी करणारी माणसं काम सोडून आली, चौघांनी मिळून ती गाडी उभी केली आणि मग तिला जवळजवळ उचलूनच फिरवली. त्या गाडीत ताकदीची काहीच कमी नव्हती. पण त्या जागी ताकद उपयोगाचीच नव्हती.

पुढच्या कोरड्या रविवारी त्याच जागी एका गिऱ्हाइकाची दीडशे-एकशे पंचावन्न किलोची गाडी घेऊन गेलो. बाजूच्या स्टँडवर टेकवली, तिच्यावर कलती केली, मागचं चाक उचलल्यासारखं करून फिरवली आणि परत निघालो. दोन मिनिटं लागली. त्या दिवसापासून मी सल्ला देताना हीच कसोटी लावतो.

वजनाचा फरक कागदावर चाळीस किलोचा दिसतो, मातीत तो त्याहून जास्त जाणवतो. गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचं वजन चाकांवर असतं, तुमच्यावर नसतं. ती कलली की ते तुमच्या एका पायावर यायला लागतं, आणि ठरावीक कोनाच्या पुढे ते कोणालाच सावरता येत नाही. हलक्या गाडीत तो कोन थोडा पुढे असतो, म्हणजे पाय टेकवून सावरायला तुम्हाला अर्धा सेकंद जास्त मिळतो. चिखलात पडणं आणि न पडणं यात तेवढंच अंतर असतं. तुमचं वजन 62 किलो आहे. 196 किलोची गाडी म्हणजे तुमच्या तिप्पट. 90 किलोच्या माणसाला तीच गाडी दुपटीची पडते. म्हणून मित्राला जी सोपी वाटते ती तुम्हाला सोपी वाटेलच असं नाही, आणि यात शौर्याचा काही संबंध नाही.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी मान्य करतो. तुम्ही एकटे जाता की तीन-चार जण मिळून, याने बराच फरक पडतो. चौघं असलात तर जड गाडीही निघते. महिन्यातून तीनदा मुंबई-आग्रा महामार्गावर लांबचा प्रवास असेल तर माझं उत्तर बदलेल. आणि ‘ऑफरोड’ म्हणजे तुमच्या मनात नक्की काय आहे? त्र्यंबकहून पहिनेमार्गे घोटीला जाणारा रस्ता किंवा गिरणाऱ्याच्या पुढे काश्यपी धरणाकडचा रस्ता हा खराब झालेला डांबरी रस्ता आहे. तिथे कुठलीही बरी गाडी चालते. निरगुडपाड्याच्या किंवा हर्षेवाडीच्या आजूबाजूच्या बैलगाडीवाटा, त्यातले गोटे, मध्ये आडवे जाणारे ओढे, हे वेगळं काम आहे. एक महिना आत्ताच्या गाडीवर फिरून वहीत लिहा: डांबर किती, माती किती. बहुतेकांचं प्रमाण नव्वदास दहा निघतं. पण गाडी निवडताना मी त्या दहाकडेच बघायला सांगतो, कारण नव्वदमध्ये चूक झाली तर फक्त थोडा आराम कमी होतो, दहामध्ये चूक झाली तर पाय मोडतो.

आपल्याकडे या जातीची गाडी पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती 2011 साली, हिरोची इम्पल्स. 150 सीसी, 134 किलो. सस्पेन्शन छान, उंची छान, पण चढणीला दम कमी पडायचा. तिच्या वेळी लोकांना ती कळलीच नाही आणि काही वर्षांनी ती बंद झाली. 2016 ला रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन आली. दूरच्या प्रवासाला उत्तम, पण वजन दोनशे किलोच्या जवळ. 2019 ला हिरोचीच एक्सपल्स 200 आली आणि मग नाशिकच्या आसपासच्या मातीत खऱ्या अर्थाने गर्दी झाली. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18 इंची, जमिनीपासूनची उंची 220 मिलिमीटर, वजन 154 किलो. 2021 च्या चार व्हॉल्व्हवाल्या इंजिनाने वरच्या आरपीएमचा आळस बराच घालवला. 2025 मध्ये आलेली एक्सपल्स 210 ही लिक्विड कूल्ड आहे, सहा गिअर, साडेचोवीस पीएसच्या आसपास ताकद, आणि वजन 168 किलोच्या घरात. दुसऱ्या टोकाला कावासाकीची केएलएक्स 230 आहे. वजन फक्त 139 किलो, म्हणजे मातीत स्वर्ग, पण सीटची उंची 880 मिलिमीटर आणि टाकी साडेसात लिटरची. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स 167 किलोची आहे, मागे बसणाऱ्याला सर्वात सुखाची, पण पुढचं चाक 19 इंची अलॉयचं, त्यामुळे गोट्यांत मी ती जपून घालीन. आणि तुमचे मित्र म्हणतात ती नवी हिमालयन 450: चाळीस पीएस, 196 किलो. महामार्गाला तिच्यासारखी दुसरी नाही. पण तुमच्या रविवारचं काम ते नाही.

तुमच्यासाठी मी एक्सपल्सच्या घरातलीच घ्या म्हणेन. नवी घ्यायची तर 210, पैसे वाचवायचे तर चांगली सांभाळलेली जुनी 200 चार व्हॉल्व्हवाली. उरलेले पैसे बूट, नी-गार्ड आणि टायरवर घाला. कारण साधं आहे. रोजच्या सातपूरच्या रहदारीत ती त्रास देत नाही, ॲव्हरेज माझ्या गिऱ्हाइकांना पस्तीस ते चाळीस मिळतं, सुटे भाग नाशिकमध्येच मिळतात आणि कुठलाही बरा मेकॅनिक ती उघडू शकतो. शहापूरला बायकोला घेऊन जाताना 200 ऐंशी-पंच्याऐंशीच्या वेगाला सुखाने चालते, त्यावर हँडल आणि फुटरेस्टला मुंग्या येतात. कसारा घाट चढताना दोघं असलात तर चौथ्यात उतरावं लागेल. हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे नंतर गाडीवर राग निघणार नाही. बायको जाणार नसती आणि तुमची उंची पावणेसहा फूट असती तर केएलएक्सचं नाव मी आधी घेतलं असतं.

उंचीचं जरा थांबून सांगतो, कारण पाच-पाच उंचीचे लोक शोरूममधून इथेच घाबरून परत येतात. 825-830 मिलिमीटरच्या सीटवर तुमचे दोन्ही पंजे टेकतील, टाचा टेकणार नाहीत. चालतं. एक पाय पूर्ण टेकवायची सवय करा: थांबताना कंबर सीटच्या कडेला सरकवायची, डावा पाय पूर्ण खाली, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. आठवड्यात अंगवळणी पडतं. सीटचा फोम कापून घेऊ नका, पहिल्या दीडशे किलोमीटरला पश्चात्ताप होतो. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, वर सरकवून गाडी खाली बसवू नका, त्यासाठी घेतलेली उंचीच वाया जाते. मात्र 200 ची ‘प्रो’ आवृत्ती तुमच्यासाठी नाही, तिची सीट 891 मिलिमीटरवर आहे.

गाडी घेतली की पहिलं काम हवेचं. टायर कुठला यावर लोक तासभर बोलतात आणि हवा पंपावरचा मुलगा भरेल तेवढी ठेवतात. माझ्या अनुभवात या गाडीला डांबरावर पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस पीएसआयच्या आसपास ठीक. मुरूम लागला की पुढे अठरा ते वीस, मागे वीस. हवा कमी केली की टायर दगडावर आपटून उडण्याऐवजी त्याच्याभोवती बसतो आणि हँडल हातातून सुटत नाही. पण स्पोकच्या चाकात ट्यूब असते, म्हणून सोळाच्या खाली जाऊ नका. दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली की तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पुढे जाड ट्यूब घालून घ्या. परत डांबरावर येताना हवा भरायला छोटा पंप जवळ हवाच. कमी हवेवर सत्तरने वळण घेतलं तर टायर मोडल्यासारखा वाटतो आणि तो वाटतो तसाच वागतो.

आपल्या जिल्ह्याची माती तीन तऱ्हांची आहे आणि तिन्हींना एक टायर पुरत नाही. सिन्नरच्या बाजूला कोरडा मुरूम आणि सुटी खडी: तिथे कंपनीचा टायर पुरतो, फक्त पुढचा ब्रेक वळणात दाबायचा नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळ्यात तांबडा चिखल आणि खाली काळा दगड, त्यावर शेवाळ. इथे गाठींचा टायर लागतो, पण ओल्या काळ्या कातळावर गाठींचाही उपयोग नाही. तिथे ब्रेक नाही, क्लच नाही, गाडी सरळ धरून हळूच सोडायची. आणि निफाडकडची काळी माती. पाऊस पडून गेलेला असेल तर त्या शिवाररस्त्यांवर गाडी नेऊच नका, कितीही टायर बदला. ती माती चाकाला लिंपत जाते, पुढच्या मडगार्डखाली गच्च भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. दोनदा मी लोकांच्या गाड्या टेम्पोत घालून आणल्या आहेत, इंजिन ठणठणीत, फक्त चाक जाम. तिसऱ्या वेळी एकाने क्लच प्लेट जाळून आणली.

क्लच प्लेटचा विषय निघालाच आहे तर गिअरिंग. चढणीला पहिला गिअर लांब वाटतो अशी तक्रार माझ्याकडे दर महिन्याला येते. पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचा, एक दात कमी केला तर मागचे साधारण तीन दात वाढवल्यासारखा परिणाम होतो. समजा पुढे 13 आणि मागे 40 आहेत, तर गुणोत्तर 3.08 पडतं, पुढे 12 केले की 3.33. चढणीला, चिखलात, हळू चालवायला हे फार सोपं जातं. पण महामार्गावर इंजिन त्याच वेगाला जास्त फिरेल आणि शहापूरच्या रस्त्यावर बायको तक्रार करेल. म्हणून तुम्हाला पहिले सहा महिने बदलू नका असंच सांगेन. तेवढ्यात क्लच अर्धा धरून चालवायचा हात बसला तर बदलायची गरजच उरणार नाही.

चेन मात्र जरा सैल ठेवा. लांब सस्पेन्शनच्या गाडीत मागचं चाक वर जाताना चेन ताणली जाते. उभ्या गाडीत नेटकी दिसणारी चेन, दोन माणसं बसल्यावर तारेसारखी ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. मित्राला सीटवर बसवा आणि मग ढिलाई मोजा. मागच्या शॉकअपचंही असंच. तुम्ही सगळा पेहराव घालून बसलात की मागचा भाग चाकाच्या एकूण वर-खाली हालचालीच्या साधारण एक तृतीयांश खाली बसला पाहिजे, म्हणजे एक्सपल्स 200 ला साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. तुम्ही हलके आहात, कंपनीची मांडणी तुम्हाला कडक लागू शकते. सी-पान्याने दहा मिनिटांचं काम आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: हलकी गाडी, हवा जागेनुसार, गिअरिंगला हात लावायचा नाही, चेन बसून मोजायची. आता पैसे कशावर घालायचे. हँडगार्ड आणि इंजिनाखालची जाड प्लेट, एवढंच गाडीला. क्लच-ब्रेकचे लिव्हर इतके घट्ट आवळू नका की पडल्यावर मोडतील, हाताने जोर लावला की फिरतील एवढेच आवळा. लोखंडी पिंजरा, दोन पेट्या, चार दिवे लावून बारा किलो वाढवलेत तर हलकी गाडी घेतल्याचा अर्थच गेला. बाकीचे पैसे घोट्याच्या वर येणाऱ्या कडक बुटांवर. मातीत लोक डोक्यावर पडतात त्यापेक्षा गाडी पायावर घेऊन जास्त पडतात. सायलेन्सर बदलू नका. कायद्याने गाडीची मूळ रचना बदलता येत नाही हे एक, आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: ज्या पाड्यांमधून आपण जातो तिथली गुरं बिथरतात, लहान मुलं घाबरतात, आणि पुढच्या वेळी रस्त्यावर काटे टाकलेले असतात. चूक त्यांची नसते.

पाण्याबद्दल कळकळीने सांगतो. फरशीवरून पाणी वाहत असेल आणि खालची फरशी दिसत नसेल तर गाडी बंद करून थांबा. त्र्यंबकच्या पुढे दुगारवाडीकडचे ओढे डोंगरावर पडलेल्या पावसाने अचानक फुगतात, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. ओढा ओलांडायचाच असेल तर आधी चालत जाऊन बघा, पाणी गुडघ्याच्या खाली आणि तळ घट्ट असला तरच. गाडी पाण्यात पडली आणि बंद झाली तर सेल्फ मारायचा नाही. प्लग काढायचा, मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर काढून बघायचा. पाणी आत असताना सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हा खर्च सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. गाडी घेतानाच विचारा.

आणि अंजनेरीच्या पठारावर गाडी नेऊ नका, कोणी वाट दाखवली तरी. तो राखीव भाग आहे. तिथे अंजनेरीच्याच नावाचं कंदीलपुष्प उगवतं, ज्याची शास्त्रात नोंद 2006 ला झाली. पावसाळ्यात पातळ मातीवर ती रोपं बोटभर उंचीची असतात, एका चाकाखाली किती जातील ते कळणारही नाही. भाताच्या बांधावरूनही नाही. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, आणि त्या माणसाची वर्षाची मेहनत त्यात असते. फिरायला रस्ते कमी नाहीत.

शक्य असेल तर गाडी दिवाळीनंतर घ्या. मग जूनपर्यंत सहा-सात महिने कोरड्यात शिकायला मिळतात: उभं राहून चालवणं, मागचं चाक मुद्दाम सरकवून थांबवणं, पडलेली गाडी पाठ लावून उचलणं. उचलायची रीत अशी की हँडल पूर्ण वळवायचं, गाडी गिअरमध्ये, पाठ सीटला टेकवायची, एक हात हँडलला, एक मागच्या कडीला, आणि मागे पावलं टाकत पायांच्या जोरावर उभं राहायचं. कमरेतून वाकून उचलू नका, माझी पाठ अजून पाऊस आला की सांगते.

जुनी बघायला जाणार असाल तर सकाळी इंजिन थंड असताना जा. मालकाला म्हणावं, आधी चालू करून ठेवू नका. पुढचं चाक वर उचलून हँडल हळू फिरवा, मध्यावर खटका लागला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेला. पान्याने प्रत्येक स्पोक टिचकवा, एकसारखा टणटण आवाज हवा, मध्येच बोदा वाजला तर तो सैल आहे. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, तेल लागलं तर ऑइल सील, तो खर्च फार नाही. सर्वात शेवटी इंजिनाखालची प्लेट काढायला सांगा. चार बोल्ट असतात, पाच मिनिटं लागतात. बहुतेक लोक ती काढतच नाहीत, आणि आपटलेल्या गाडीच्या इंजिनाच्या केसिंगला सीलंट लावून बुजवलेली चीर तिथेच सापडते. मालक प्लेट काढू देत नसेल तर किमतीचं बोलणं काढू नका, परत या.